खाजकुइलीच्या बीमधलं औषध

पाऊस सरला की रत्नागिरीकडे गडग्यांवर, कुंपणांवर खाजकुइलीचे जांभळे घोस लोंबू लागतात. थंडीत बाकदार शेंगा पिकतात, तपकिरी मखमल पांघरल्यासारख्या. ती मखमल अंगाला लागली तर काय होतं, हे कोकणातल्या पोराला सांगावं लागत नाही. त्या लवेत म्युक्युनेन नावाचं विकर असतं, आग त्याची. पण आज बोलायचंय ते आतल्या तुकतुकीत बीबद्दल, म्हणजे वैद्यांच्या कवचबीजाबद्दल.

१९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी या बियांतून एल-डोपा नावाचं रसायन वेगळं काढलं. त्याचा कंपवाताशी काही संबंध असेल, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामाइन या रसायनाचा तुटवडा असतो, हे व्हिएन्नात उघड झालं १९६० साली. डोपामाइन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. एल-डोपा शिरतं आणि आत गेल्यावर त्याचंच डोपामाइन होतं. आजही कंपवाताच्या उपचाराची मदार याच रेणूवर आहे, आणि कवचबीजात तो वजनाच्या साधारण ४ ते ६ टक्के भरतो.

मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांना या बियांचं चूर्ण देऊन पाहिलं आणि १९७८ साली निष्कर्ष छापले. लंडनच्या २००४ सालच्या चाचणीत ३० ग्रॅम चूर्णाचा गुण सुमारे ३५ मिनिटांत दिसला, एल-डोपाच्या नेहमीच्या गोळीला जवळपास दुप्पट वेळ लागला. चूर्णाचा परिणाम टिकलाही जास्त. मात्र रुग्ण होते अवघे आठ.

म्हणजे ही बी खरोखर काम करते. माझ्या मते धोका नेमका तिथेच आहे. ‘झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार’ म्हणून लोक ती गोळ्यांच्या जोडीला गुपचूप घेतात आणि एल-डोपाची मात्रा नकळत वाढते. मग हातपाय आपोआप वेडेवाकडे हलतात, उभं राहताना चक्कर येते, नसलेली माणसं दिसू लागतात. शिवाय गोळीत कार्बिडोपा असतं, ते एल-डोपा मेंदूत पोचण्याआधी वाया जाऊ देत नाही. बीमध्ये ते नाही. म्हणून मात्रा मोठी लागते, मळमळही होते. आणि डबीत किती एल-डोपा आहे, याचा भरवसा नाहीच: अमेरिकेत तपासलेल्या अशा उत्पादनांत एका मात्रेमागे ते २ मिलिग्रॅमपासून २४१ मिलिग्रॅमपर्यंत निघालं, असं २०२२ साली प्रसिद्ध झालं.

कंपवातावर हळद, ब्राह्मी, अश्वगंधा यांचीही नावं घेतली जातात. उंदरांवरचे प्रयोग आशादायक आहेत, माणसांतला पुरावा तोकडा.

घरात कुणी कवचबीज घेत असेल, तर पुढच्या खेपेला ती डबी न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. चूर्णाच्या भरवशावर गोळ्या मात्र परस्पर बंद करू नका. एल-डोपा एकाएकी तुटलं तर ताप चढतो, अंग लाकडासारखं ताठरतं आणि जिवावरही बेतू शकतं.