खेळाडूचा गुन्हा, आयुक्ताची खुर्ची

फेब्रुवारी २०१४. अमेरिकन फुटबॉलपटू रे राइसने अटलांटिक सिटीतल्या एका कॅसिनोच्या लिफ्टमध्ये आपल्या होणाऱ्या बायकोला ठोसा मारला. बेशुद्ध पडलेल्या तिला तो फरफटत बाहेर काढतोय, हे चित्रण काही दिवसांतच सगळ्यांनी पाहिलं. तरी ‘एनएफएल’ या व्यावसायिक फुटबॉल लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी जुलैत शिक्षा दिली ती फक्त दोन सामन्यांच्या बंदीची! ऑगस्टमध्ये त्यांनी चूक कबूल करून नियम कडक केले. सप्टेंबरमध्ये प्रत्यक्ष ठोशाचं चित्रण बाहेर आलं आणि त्याच दिवशी बंदी बेमुदत झाली. गुडेल यांनी पायउतार व्हावं, अशी मागणी ‘नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन’ने लावून धरली.

मारहाण आयुक्ताने केली नव्हती, मग त्याने का जावं? कारण एनएफएलमध्ये तेव्हा चौकशी करणारा आणि शिक्षा ठरवणारा तोच होता. एफबीआयचे माजी प्रमुख रॉबर्ट म्यूलर यांच्या जानेवारी २०१५च्या अहवालानुसार, लीगकडे ठोशाचं चित्रण आधीच पोहोचल्याचा पुरावा मिळाला नाही. पण हाती आलेली माहिती गंभीर होती आणि लीगने पुरेशी खोलात चौकशी केली नाही. माझ्या मते राजीनाम्याला एवढं कारण पुरेसं होतं. बेशुद्ध बाई डोळ्यांसमोर असताना आणखी कुठला पुरावा हवा होता?

पण आयुक्ताला नेमतात आणि काढू शकतात ते ३२ संघांचे मालक. त्यांनी गुडेल यांना ठेवलं आणि २०१७ मध्ये करारही वाढवून दिला.