मापट्याचें वजन

आपल्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं माळ्यावर किंवा कोठीजवळ एखादें जुनें मापटें अद्याप पडलेलें असेल. इ. स. १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनेंमापें आलीं व बाजारांतून पायली, अधोली, चिपटें हीं हळूहळू गेलीं. स्वयंपाकघरांतून मात्र तीं गेलीं नाहींत. आमच्या मातोश्रींनीं भाजणीचें प्रमाण एका कागदावर लिहून ठेविलें आहे, तें असें : तांदूळ चार मापटीं, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची डाळ एक, धणे अर्धें.

मातोश्रींच्या पश्चात् गतवर्षीं प्रथमच घरीं चकल्या करण्याचें ठरलें. चिरंजीवांनीं शहरांतून लहान काटा आणला होता. त्यांनीं मापटेंभर तांदूळ तोलले, ते ४०० ग्रॅम भरले. आणि मापटें म्हणजे ४०० ग्रॅम असें धरून सर्व जिन्नस काट्यावर घेतले. मीं शेजारीं बसून मान डोलाविली. डाळींचें कांहीं बिघडलें नाहीं, कारण त्यांचें वजन मापास तांदळाइतकेंच भरतें. परंतु अर्ध्या मापट्याचे म्हणून धणे २०० ग्रॅम पडले. चकल्या काळपट झाल्या, धण्यांवांचून दुसरी चव लागेना. सौभाग्यवतींनीं एक तुकडा तोंडांत घालून, "ही सासूबाईंची चकली नव्हे," एवढेंच म्हटलें व डबा बाजूस ठेविला.

महसूल खात्यांत असतां पीककापणीच्या प्रयोगांचीं कागदपत्रें मीं पुष्कळ वर्षें लिहिलीं. कोणी पायलीचा आंकडा सांगितला, तर धान्य कोणतें आणि माप शिगेचें कीं सपाट, हें विचारल्यावांचून मीं तो कधीं लिहून घेतला नाहीं. घरांत मात्र विचारण्याचें सुचलें नाहीं !

पुढें सवडीनें तेंच मापटें काट्यावर ठेवून पाहिलें. रिकाम्या मापट्याचें वजन वजा करून पाणी ४८० ग्रॅम भरलें. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर, तेव्हां मापट्याचें आकारमान कळलें. मग एकेक जिन्नस सपाट भरून तोलला. धणे मापटेंभर १५० ग्रॅम, म्हणजे अर्धें मापटें अवघें ७५. चाळलेलें गव्हाचें पीठ सैल भरलें तर २५०, तेंच दाबून भरलें तर ३०० च्या वर. कुरमुरे ४० ग्रॅमही नाहींत. शेर हा शब्द तर मापासही होता आणि वजनासही. वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारें ९३३ ग्रॅम. आमच्या दोन मापट्यांचा शेर तांदळाचे ८०० ग्रॅमच देतो. जुन्या कागदावर नुसता 'शेर' दिसला, तर तो कोणता हें घरांतील वडील माणसांस विचारून घ्यावें. गांवोगांवचीं मापें एकसारखीं नव्हतीं, म्हणून माझे आंकडे कोणीं आपल्या मापट्यास लावूं नयेत. मापटें मोडींत घालण्यापूर्वीं ज्यानें त्यानें तें स्वतः तोलावें.

एक शंका राहिली होती : मातोश्री शीग ठेवीत कीं नाहीं ? कागदावर तसें कांहीं नाहीं. थोरल्या भगिनींस विचारलें असतां त्या म्हणाल्या, डाळी आणि धणे हातानें सपाट करावयाचे, शीग फक्त तांदळास. ती शीग तोलली, ४५ ग्रॅम भरली. तेव्हां येत्या दिवाळीस चार मापट्यांमागें तांदूळ १८० ग्रॅम अधिक घ्यावयाचे आहेत.