फॉरमॅट मारला म्हणजे व्हायरस गेला?

नगर-पाथर्डी रस्त्यावरच्या तिसगावात काय किंवा त्याच्या आजूबाजूच्या गावांत काय, घरच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला की इलाज ठरलेला: 'फॉरमॅट मारून आणा.' मशीन दुकानातून परत येतं तेव्हा छान पळत असतं. पुढे काही आठवड्यांत तीच रड सुरू झाली, की लोक म्हणतात मशीनच खराब निघालं. दोष मशीनचा क्वचितच असतो.

एक तर फॉरमॅट होतो तो बहुतेक वेळा फक्त सी ड्राइव्ह. डी ड्राइव्हमध्ये लग्नाचे फोटो आणि पोरांचे प्रोजेक्ट असतात, म्हणून 'त्याला हात लावू नका' असं गिऱ्हाईकच बजावतं. ते चुकीचं नाही. पण दूषित फाइल अनेकदा तिथेच पडलेली असते, नाहीतर टेबलाच्या खणातल्या पेनड्राइव्हमध्ये. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. नव्याने टाकलेलं विंडोज पुष्कळदा चोरीचं असतं. ते अ‍ॅक्टिव्हेट करायला जी छोटी फाइल चालवतात, तिच्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो. म्हणजे घाण काढायला दिलेल्या मशीनमध्ये दार उघडून नवी घाण घ्यायची! गंमत अशी, की विंडोज ८ किंवा त्यानंतरचं अस्सल विंडोज घालून विकलेल्या बहुतेक लॅपटॉपच्या मदरबोर्डवरच त्याचा परवाना नोंदलेला असतो. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून तीच आवृत्ती उतरवून टाकली, तर ती नेट जोडल्यावर आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते, पैसे न देता. हे गिऱ्हाइकाला सहसा कुणी सांगत नाही.

'आमच्याकडे नेटच नाही, व्हायरस येईल कुठून?' हाही जुना समज. आयबीएम पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस, 'ब्रेन', १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिला आणि तो फ्लॉपीवरून जगभर गेला. साताऱ्याच्या रहिमतपूरचे कैलास आणि संजय काटकर हे बंधू पुण्यात दुरुस्तीच्या दुकानातून अँटिव्हायरसकडे वळले, तेही फ्लॉपीच्याच काळात. त्यातून पुढे 'क्विक हील' उभी राहिली. फ्लॉपीची जागा आता पेनड्राइव्हने घेतली आहे. ऑनलाइन फॉर्म भरायला, झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला तोच पेनड्राइव्ह दहा ठिकाणी लागतो. घरी येऊन उघडला तर फोल्डर गायब, त्यांच्या जागी शॉर्टकट. बहुतेक जण घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट करतात आणि चांगल्या फाइली घालवून बसतात. या प्रकारात फाइली बहुधा पुसलेल्या नसतात, फक्त लपवलेल्या असतात. शॉर्टकटवर क्लिक केलं की व्हायरस चालू होतो, म्हणून तिथे क्लिक करायचं नाही. आधी स्कॅन करून संशयित फाइल काढायची, मग लपवलेल्या फाइली परत दिसत्या करायच्या. पेनड्राइव्ह साफ केला आणि कॉम्प्युटर तसाच ठेवला, तर तो जोडताक्षणी पुन्हा बाधित होतो.

व्हायरस काढला की फाइली परत मिळतात, हा समज मात्र खंडणीच्या व्हायरसपुढे टिकत नाही. फुकटातल्या 'क्रॅक' सॉफ्टवेअरमधून पसरणारा 'स्टॉप' हा त्यातला घरगुती कॉम्प्युटरवर फार दिसलेला प्रकार. तो काढून टाकला तरी त्याने कुलूपबंद केलेले फोटो तसेच राहतात. एमसिसॉफ्ट या कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याच्या १४८ उपप्रकारांसाठी मोफत किल्ली दिली, पण नंतरच्या अनेक उपप्रकारांवर ती चालत नाही. फोटोंची एक प्रत कॉम्प्युटरला कायम न जोडलेल्या हार्ड डिस्कवर असणं, हा यावरचा भरवशाचा उपाय.

एखादी साइट उघडताच 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहेत, या नंबरवर फोन करा' असं भोंगा वाजवत सांगणारी पाटी येते. तो स्कॅन नसतो, फसवणूक असते. वेबपान तुमची डिस्क तपासू शकत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझर बंद करा आणि त्या साइटला दिलेली नोटिफिकेशनची परवानगी काढून टाका. फोन करून पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर तक्रार नोंदवा.

दोन अँटिव्हायरस टाकले म्हणजे दुप्पट संरक्षण, हेही खरं नाही. ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि मशीन रखडतं. जुनी हार्ड डिस्क आणि अपुरी रॅम यांनीही मशीन रखडतं, त्याचं खापर व्हायरसवर फुटतं.

'माझ्या कॉम्प्युटरमध्ये चोरायला आहे काय?' चोराला कधीकधी फक्त मशीन हवं असतं. बाधित घरगुती मशीनच्या फौजा बांधून त्यांच्यामार्फत स्पॅम आणि हल्ले केले जातात. केंद्र सरकारने २१ फेब्रुवारी २०१७ ला सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं ते यासाठीच. तिथे सफाईची साधनं मोफत मिळतात. 'अपडेटने डेटा संपतो' म्हणून ते बंद ठेवणाऱ्यांनी त्याच वर्षीचा वॉनाक्राय हा खंडणीचा व्हायरस आठवावा. तो मे महिन्यात पसरला, आणि ज्या भगदाडातून घुसला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं.

घरी सफाई करायची तर क्रम पाळा. आधी नेट तोडा, पेनड्राइव्ह काढा. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर आधीपासून असतो. त्यातला ऑफलाइन स्कॅन मशीन रीस्टार्ट करून विंडोज सुरू होण्याआधीच तपासतो, त्यामुळे लपून बसलेले व्हायरस सापडण्याची शक्यता वाढते. त्यानंतर डी ड्राइव्हसह पूर्ण स्कॅन करा, अनोळखी प्रोग्रॅम आणि ब्राउझरची एक्स्टेन्शन्स काढा. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, तेही त्या कॉम्प्युटरवरून नव्हे, स्वच्छ मोबाइलवरून, आणि सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट व्हा. एवढं करूनही त्रास राहिला तर फॉरमॅट.

दुकानात मशीन देताना दोनच गोष्टी विचारा: विंडोज अस्सल टाकणार का, आणि डी ड्राइव्ह स्कॅन करणार का? उत्तर टाळाटाळीचं आलं, तर मशीन उचला आणि दुसरं दुकान बघा.