माती विष पचवते का?

गणपतीच्या सुट्टीत मामाजींच्या गावी गेले होते. मामाजी फवारणीचा पंप नाल्यावर धूत होते. मी म्हटलं, "मामाजी, हे विष आहे!" ते हसले. "काही होत नाही वं पोरी. माती पचवते सारं."

होस्टेलला परतल्यावर लायब्ररीत शोधलं, तर मामाजींचं म्हणणं निम्मं खरं निघालं! (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या.)

आधी विषाबद्दल. मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट ही ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधं. आपल्या नसांमधून ॲसिटिलकोलीन निरोप पोचवतं आणि लगेच एक एन्झाइम ते तोडून टाकतं. हे विष त्या एन्झाइमलाच जाम करतं. मग निरोप थांबतच नाही. घाम, लाळ, उलट्या आणि शेवटी श्वास बंद. किडीचं होतं तेच माणसाचं.

बॅक्टेरियाला मात्र नसाच नाहीत! १९७३ मध्ये सेतुनाथन आणि योशिदा यांनी फिलिपिन्समधल्या भातशेतीत डायझिनॉन आणि पॅराथिऑन तोडणारा बॅक्टेरिया शोधला. त्याच्या एन्झाइमचं नाव ऑर्गनोफॉस्फरस हायड्रोलेज. त्यातले धातूचे दोन अणू पाण्याचा कण धरून ठेवतात, तो कण फॉस्फरसच्या बंधावर आदळतो आणि विषाचे दोन तुकडे होतात. पॅराथिऑन तुटलं की द्रावण चक्क पिवळं होतं.

हे एन्झाइम बनवणारा जीन म्हणजे ओपीडी. तो प्लास्मिडवर असतो. क्रोमोसोम म्हणजे आपलं टेक्स्टबुक समजा आणि प्लास्मिड म्हणजे सीनियरच्या नोट्सची झेरॉक्स. या रूममधून त्या रूममध्ये फिरणारी! म्हणूनच अमेरिकेत सापडलेल्या अगदी वेगळ्या बॅक्टेरियातही जवळजवळ हाच जीन मिळाला. ऑस्ट्रेलियात तर अशाच एका एन्झाइमची पावडर बनवली. मेंढ्यांना कीडनाशकात बुचकळल्यावर उरलेलं विषारी पाणी तिने साफ करता येतं.

मग उरलेलं निम्मं? प्रत्येक औषधाची रचना वेगळी, त्यामुळे एकच एन्झाइम सगळ्यांना चालत नाही. बॅक्टेरियाला ओलावा लागतो, वेळ लागतो. नाल्याचं पाणी तेवढं थांबत नाही, ते पुढच्या गावात जातं, तिथे गुरं पितात.

आणि फवारताना जे नाकातोंडात जातं, तिथे कुठला बॅक्टेरिया येणार? २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पोचले. माणसाच्या उंचीची कपाशी, दमट हवा, तोंडाला नुसता रुमाल. त्या वेळी मातीने पचवायला विष मातीपर्यंत पोचलंच नव्हतं.

मामाजींना फोन करून हे सगळं सांगितलं. म्हणाले, "मंग पंप कुठं धुवू?" म्हटलं, नाला-विहिरीपासून दूर, पडीक जागेवर. आणि फवारताना मास्क, हातमोजे, वाऱ्याकडे पाठ. "बरं," म्हणाले. दिवाळीला जाऊन बघणार आहे. तुमच्याही घरी शेती असेल, तर एक फोन कराच!