भाव ठरतो समोरच्या कार्डावर

जून 2008 मध्ये एनव्हिडियाने जीटीएक्स 280 हे ग्राफिक्स कार्ड 649 डॉलरला बाजारात आणलं. 140 कोटी ट्रान्झिस्टरांची, 576 चौरस मिलिमीटरची अवाढव्य चिप, वेगात त्या वेळी तोड नाही. महिना संपायच्या आत एएमडीचं रेडिऑन एचडी 4870 आलं. त्याची चिप निम्म्याहून लहान आणि किंमत 299 डॉलर. 280 ला ते हरवत नव्हतं, पण 280 चा धाकटा भाऊ जीटीएक्स 260, जो 399 डॉलरला विकला जात होता, त्याला बहुतेक गेममध्ये गाठत होतं. एनव्हिडियाला अब्रू वाचवायची म्हणजे खिशात हात घालणं भाग होतं. काही आठवड्यांतच 280 चा भाव 499 वर आला आणि 260 चा 299 वर. पहिल्या दिवशी रांग लावून कार्ड घेतलेल्यांना काय वाटलं असेल, ते विचारू नये.

महागड्या कार्डांची तुलना करताना हा प्रसंग डोळ्यांपुढे असावा. कार्ड सेकंदाला किती फ्रेम काढतं हे तक्त्यात दिसतं, पण त्या फ्रेमचे किती पैसे मोजायचे, हे त्या कार्डापुढे दुसरं कुणी उभं आहे की नाही यावर ठरतं.

आधी त्या तक्त्याविषयी थोडं. फुल एचडी पडद्यावर सुमारे 21 लाख पिक्सेल असतात, 4के पडद्यावर सुमारे 83 लाख. म्हणून महागड्या कार्डांचा खरा कस 4के वर लागतो. फुल एचडीवर बरेचदा प्रोसेसरच आधी दमतो आणि लाखाचं कार्ड त्याची वाट बघत बसतं. अशा मॉनिटरला असं कार्ड जोडणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. शिवाय नुसती सरासरी फसवते. सरासरी 90 फ्रेम असूनही मध्येच गेम अडखळत असेल, तर ते सर्वात मंद एक टक्का फ्रेमच्या आकड्यात दिसतं. तक्ता वाचताना मी आधी तोच रकाना बघतो.

आता 2022 कडे येऊ. त्या ऑक्टोबरात आरटीएक्स 4090 आलं, 1,599 डॉलरला. नोव्हेंबरात आरटीएक्स 4080, 1,199 डॉलरला. दोन वर्षांपूर्वीचं 3080 हे 699 डॉलरचं होतं, म्हणजे त्याच नावाच्या पायरीसाठी एकदम 500 डॉलर जास्त. एरवी सर्वात वरचं कार्ड हा हौसेचा मामला असतो. 2020 मध्ये 3090 साठी 3080 च्या दुपटीहून जास्त पैसे मोजून जेमतेम 10 ते 15 टक्के वेग पदरात पडायचा. या वेळी मात्र उलटंच झालं. 4090 हे 4080 पेक्षा एक तृतीयांश महाग, आणि 4के वर वेगही जवळपास त्याच प्रमाणात जास्त. खालचं कार्ड इतकं महाग ठेवलं होतं की वरचं परवडणारं वाटावं! हे चुकून झालं असेल असं मला वाटत नाही.

डिसेंबरात एएमडीचं आरएक्स 7900 एक्सटीएक्स आलं. 999 डॉलर, 24 जीबी मेमरी. 4080 मध्ये 16. साध्या पद्धतीच्या चित्रणात ते 4080 च्या बरोबरीला, किंबहुना चार पावलं पुढेच. पण प्रकाशाच्या प्रत्येक किरणाचा हिशेब मांडणारं रे ट्रेसिंग चालू केलं की पारडं फिरायचं. ‘सायबरपंक 2077’ मध्ये ते पूर्ण ताकदीनं लावलं, तर एएमडीचं कार्ड निम्म्या वेगाच्या आसपास घसरायचं. त्यात विजेची भूकही 320 ऐवजी 355 वॉटची. म्हणजे स्पर्धक होता, पण अर्धाच. भावही मग तसाच हलला. 4080 सुपर 999 डॉलरला आलं ते थेट 31 जानेवारी 2024 रोजी, आणि वेगात ते मूळ 4080 च्या दोन-तीन टक्केच पुढे होतं. नवं नाव देऊन केलेली दोनशे डॉलरची कपातच ती. 2008 मध्ये जे काम काही आठवड्यांत झालं, त्याला या वेळी चौदा महिने लागले.

त्यानंतर एएमडीनं सर्वात वरच्या पायरीवर लढायचंच नाही असं ठरवलं. मार्च 2025 मध्ये आलेलं आरएक्स 9070 एक्सटी 599 डॉलरचं होतं आणि त्याचा सामना 749 डॉलरच्या आरटीएक्स 5070 टीआयशी. दोन्हींत 16 जीबी मेमरी, वेगातलं अंतर साध्या चित्रणात किरकोळ, रे ट्रेसिंगमधलंही पूर्वीपेक्षा बरंच कमी. या पायरीवर गिऱ्हाइकाला निदान घासाघीस करता येते.

तक्त्याबाबत आणखी एक सावधगिरी. जानेवारी 2025 मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी 549 डॉलरचं 5070 हे 4090 इतकी कामगिरी देईल असं जाहीर केलं, तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या. मेख फ्रेम जनरेशनमध्ये होती. त्यात कार्ड दोन खऱ्या फ्रेम काढतं आणि त्यांच्या मध्ये तीनपर्यंत फ्रेम अंदाजानं रचून घालतं. डोळ्याला चित्र गुळगुळीत दिसतं, पण माउस हलवल्यावर गेम प्रतिसाद देतो तो खऱ्या फ्रेमच्याच वेगानं. त्यामुळे तुलनेच्या तक्त्यात अशा फ्रेम मिसळलेल्या असतील, तर तो तक्ता बाजूला ठेवलेला बरा.

वरच्या मजल्यावर आता 5090 एकटंच आहे: 32 जीबी मेमरी, 575 वॉट, 2025 मधली अधिकृत किंमत 1,999 डॉलर. 4के वर ते 5080 पेक्षा साधारण दीडपट वेगवान, किंमत मात्र दुप्पट. 2025 मध्ये बाजारात आलं तेव्हा 5080 चा भारतातला अधिकृत भाव 1,07,000 रुपये होता. 999 डॉलरचे तेव्हाच्या दरानं रुपये करून त्यावर 18 टक्के जीएसटी चढवला, की आकडा बहुतांशी जुळतो. 5090 चा अधिकृत भाव तेव्हा 2,14,000 होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर भाव करायला गेलात, तर दुकानदाराला दाखवण्यासारखं समोरचं दुसरं कार्डच तुमच्याकडे नसतं.