सालीखालची लाली

दुधनीच्या बाजारात तूर ओंजळीत घेऊन, दाणा नजरेखालून घालून पारखली जाते. याच सोलापूर जिल्ह्यात सांगोल्याकडे डाळिंबाचीही पारख नजरेनेच होते. फरक एवढाच, की तिथे दाणा दिसतच नाही, दिसते ती साल. डाळिंबाच्या गेल्या अनेक दशकांचा मागोवा घेतला तर ही उणीव अधिक खुपते. १९३६ साली पुण्याच्या गणेशखिंडीतल्या फळ संशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी आळंदी वाणातून निवडलेले, पुढे ‘गणेश’ म्हणून गाजलेले डाळिंब मऊ बियांचे आणि गोड, पण दाण्याने फिकट गुलाबी. लाल दाण्याचा सोस नंतर वाढला. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून मृदुला, आरक्ता आणि २००३च्या सुमारास भगवा आला. २००५ साली सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र उभे राहिले, त्याने २०१७ मध्ये ‘सोलापूर लाल’ दिला. प्रत्येक टप्प्यावर लाली वाढली. बाजारात मात्र ती सालीवरूनच ताडली जात राहिली.

प्रयोगशाळेत हे केव्हाच बदलले. दाण्याची लाली अँथोसायनिन या रंगद्रव्याची. दाण्यांचा रस एकदा तीव्र आम्लात, म्हणजे सामू १ला, आणि एकदा सामू ४.५ला ठेवतात. पहिल्यात अँथोसायनिन लालभडक होते, दुसऱ्यात त्याचा रंग जवळपास उडतो. सुमारे ५२० नॅनोमीटरचा प्रकाश दोन्हींतून सोडून किती शोषला गेला ते पाहतात. गढूळपणामुळे चूक होऊ नये म्हणून ७००लाही मोजतात. साखरेने किंवा जुन्या रसाच्या तपकिरीपणाने हा आकडा सहसा फसत नाही, कारण सामू बदलल्याने त्यांचा रंग असा पालटत नाही.

मुरलेल्या व्यापाऱ्याची नजर यंत्रापेक्षा कमी नाही, असा आक्षेप घेतला जातो. ती नजर खरीच तयार असते, पण साल लाल म्हणून दाणा लाल असेलच असे डाळिंबात नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लाली म्हणजे पोषण नव्हे. अगदी खरे. ‘सोलापूर लाल’चे नाव झाले ते त्यातल्या लोह-जस्तामुळेही, आणि लोह या लालीत दिसत नाही. म्हणून रंगाचा आकडा रंगापुरताच वापरावा. तेवढ्यानेही शेतकऱ्याच्या हाती बरेच येते. उष्णतेत अँथोसायनिन कमी साठते. थंडीत पिकणाऱ्या मृग बहाराचा आणि उन्हाच्या तोंडावर येणाऱ्या हस्त बहाराचा दाणा म्हणूनच एकाच बागेत वेगळा निघू शकतो. तोडणीआधी चार फळे फोडून रस तपासला, तर दोष वाणाचा की उन्हाचा, याचा अंदाज लिलावाआधीच बांधता येईल.