वाळूतून पायात शिरणारे जंत

पावसाळा सरल्यावर माझ्या जाऊबाईंच्या तळपायावर लाल, वळणावळणाची रेघ उठली. रात्रभर खाज. गजकर्ण समजून मलम लावलं, पण रेघ रोज थोडी पुढे सरकायची. डॉक्टरांनी पाहताच विचारलं, "वाळूत अनवाणी फिरता का?"

मासळी वाळत घालायला आपण अनवाणीच जातो. तिथेच कुत्री घाण करतात. त्यांच्या पोटातल्या अंकुशकृमींची अंडी विष्ठेतून वाळूत पडतात. ओल्या, सावलीतल्या वाळूत साधारण आठवड्याभरात अळ्या तयार होतात आणि उघड्या कातडीतून आत शिरतात. माणसाच्या अंगात बहुधा त्यांची पूर्ण वाढ होत नाही, म्हणून त्या कातडीखालीच सरपटत राहतात.

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी हे बरं होतं. खाजवू नका, जखम चिघळते. वाळूत चपला घाला, मुलांनाही घाला. बसायला ताडपत्री घ्या. कुत्र्याची घाण लगेच उचला. पिल्लांना २ आठवड्यांची झाल्यापासून आणि मोठ्या कुत्र्याला दर ३ महिन्यांनी, गुरांच्या डॉक्टरांना विचारून जंताचं औषध द्या.

कुत्र्याला हाकलू नका गं, त्याला औषध द्या. त्याचं पोट साफ, तर आपले पाय सुरक्षित.